घरी बांधलेल्या रेमोर्कचे दिवे

वाचकहो, हिवाळ्याची सुट्टी लागली की आपल्या बेटावरच्या मराठी घरांत एकच गडबड सुरू होते. समुद्रकाठी फिलाओच्या झाडांखाली दोन-चार दिवस तंबू ठोकून राहावे, सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवावे, मुलांनी पाण्यात डुंबावे, हा आपला जुना रिवाज. आमच्या लहानपणी वडील मंडळी लॉरी भाड्याने करीत आणि भांडीकुंडी, चटया, आजीसकट सर्वांना तीत चढवीत. आता घरोघरी मोटार आली. मोटारीत माणसे मावतात, पण सामान मावत नाही. म्हणून मोटारीच्या मागे रेमोर्क आला. पुस्तकी मराठीत त्याला ट्रेलर म्हणता येईल, पण आपल्याकडे तो रेमोर्कच.

विकत घेतलेला रेमोर्क महाग पडतो, म्हणून हौशी माणसे तो अंगणातच बांधतात. सांगाडा मजबूत करतात, रंग झकास देतात. दिव्यांची वेळ आली की मात्र काम उरकून टाकतात. आज आम्ही ह्या दिव्यांविषयी लिहिणार आहोत. शाळामास्तराला हा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारील. पण २०२२ च्या जुलैमध्ये आमच्या कुटुंबावर जो प्रसंग आला, त्याने आमचे डोळे उघडले. तो प्रसंग चार लोकांना सांगणे आम्हांला कर्तव्य वाटते.

तो रविवार

आमच्या ताईचे यजमान हाताचे मोठे कसबी. सहा महिने खपून त्यांनी रेमोर्क बांधला. लोखंडी अँगलची चौकट, भंगारातल्या व्हॅनचा मागचा आस व चाके, वर प्लायवूडची पेटी आणि पेटीवर घडीचा तंबू. आत दोघांना निजता येई, बाजूला चुलीचे फळकूट होते. जो तो पाहायला येई आणि वाहवा करी. आम्हीही केली. मागे व्हॅनचेच दोन दिवे बसवले होते. तारा एकमेकींना पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. निघताना अंगणात सर्व दिवे लावून पाहिले. सगळे लागले. नारळ फोडून आम्ही ल मॉर्नला गेलो.

तीन दिवस आनंदात गेले. परतीला रविवार होता. जुलैत आपल्याकडे सहा वाजण्याआधीच सूर्य मावळतो. तामारें मागे पडेपर्यंत काळोख झाला आणि पावसाची बुरबुर सुरू झाली. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर दिवा नाही. कास्कावेलच्या अलीकडे एक कुत्रे आडवे आले, म्हणून भाऊजींनी ब्रेक दाबला. तोच मागे टायर घसरल्याचा आवाज झाला आणि काहीतरी धाडकन पडले.

आम्ही उतरून धावलो. एक मोटारसायकल गवतात आडवी पडली होती आणि एक तरुण चिखलातून उठत होता. हॉटेलातली पाळी संपवून तो घरी निघाला होता. देवाच्या कृपेने कोपर खरचटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. आम्ही त्याला शिव्या द्यायला मोकळीक दिली असती, पण त्याने शिवी दिली नाही. रेमोर्ककडे पाहून तो इतकेच म्हणाला, "मिस्ये, उ पेना लिमियेर?" तुम्हांला दिवेच नाहीत का, असे तो विचारीत होता.

आम्ही मागे पाहिले. रेमोर्क काळाठिक्कर होता. पेटी उंच असल्याने मोटारीचे स्वतःचे दिवेही तिच्याआड झाकले गेले होते. केव्हापासून आम्ही असे विनादिव्यांचे चाललो होतो, कोण जाणे. पुढे बसलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता. चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा कधी दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो.

त्या रात्री ताईची मोटार व रेमोर्क एका नातलगाच्या अंगणात ठेवून आम्ही घरी आलो. भाऊजी जेवले नाहीत. "मी सकाळी पाहिले होते, सगळे लागत होते," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

वाचवलेली तार

पुढच्या शनिवारी आमचा पुतण्या आला. तो मोटारींच्या विजेचेच काम करतो. त्याने दिवे लावायला सांगितले. दिवे लागले! भाऊजींचा चेहरा उजळला. मग पुतण्या रेमोर्कच्या दांडीवर चढला आणि दोनदा हिसका दिला. दिवे मंदावले, पुन्हा आले, पुन्हा गेले. त्याने डावीकडे वळण्याचा इशारा द्यायला सांगितला, तर डाव्या दिव्याबरोबर बाकीचे दिवेही मिणमिण करू लागले. ब्रेक दाबला, तर मागचे दिवे उजळण्याऐवजी आणखी मालवले.

"आतोबा, परतीची तार कुठे आहे?" त्याने विचारले.

"परतीची कशाला? लोखंड लोखंडाला टेकलेलेच आहे. तेवढी एक तार वाचवली," भाऊजी म्हणाले.

दुखणे नेमके तिथेच होते. वीज बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत पोचली की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. ती तितक्याच प्रमाणात बॅटरीकडे परत आली पाहिजे. मोटारीत ही परतीची वाट म्हणजे मोटारीचे धातूचे अंग. रेमोर्क मात्र मोटारीला एका गोळ्यावर टेकलेला असतो. त्या गोळ्याला ग्रीस लावलेले, वर समुद्राचा खारा वारा आणि गंज. अंगणात रेमोर्क स्वस्थ उभा असताना गोळा कसाबसा टेकत होता. रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला वाट तुटत होती. परतायला वाट नसली की वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून आडमार्गाने जाते. म्हणून एक इशारा दिला की सगळेच मिणमिणतात. पुतण्याने एक लांब तार मोटारीच्या अंगाला आणि रेमोर्कच्या चौकटीला जोडून धरली, तर सर्व दिवे लखलखले.

आम्हांला आमचा सहावीचा वर्ग आठवला. मुलांच्या हाती एक सेल, एक छोटा बल्ब व तारेचे दोन तुकडे दिले की निम्मी मुले एकच तार जोडतात आणि बल्ब लागत नाही म्हणून त्यालाच नाव ठेवतात. मोठी माणसेही तेच करतात. रेमोर्कचा दिवा मंद झाला की नवा बल्ब घालतात, तोही मंद लागला की आणखी एक विकत आणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! वाचकहो, रेमोर्कच्या दिव्यांचे दुखणे आले, तर आधी परतीची तार तपासा. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडेल.

सात खिळ्यांचा प्लग

भाऊजींनी सगळ्या तारा उपटून टाकल्या आणि पुतण्याच्या देखरेखीखाली नव्याने घातल्या. तार ओढायला आम्हीही होतो. मोटार व रेमोर्क जोडणारा जो सात खिळ्यांचा गोल युरोपीय प्लग मिळतो, त्याची रचना अशी: पहिला खिळा पिवळ्या तारेचा, डाव्या इशाऱ्यासाठी. दुसरा निळा, धुक्याच्या दिव्यासाठी. तिसरा पांढरा, परतीचा. चौथा हिरवा, उजव्या इशाऱ्याचा. पाचवा तपकिरी, उजव्या मागच्या दिव्याचा. सहावा तांबडा, ब्रेकचा. सातवा काळा, डाव्या मागच्या दिव्याचा.

पण केवळ रंगांवर भिस्त ठेवू नये. अमेरिकन धर्तीचे चार तारांचे संचही बाजारात असतात. त्यांत पिवळी व हिरवी तार इशारा आणि ब्रेक ही दोन्ही कामे एकटीच करते. आपल्याकडील बहुतेक मोटारींत इशारा वेगळा व ब्रेक वेगळा असतो, म्हणून असा संच सरळ जोडला तर गोंधळ होतो. शिवाय आधीच्या मालकाने मोटारीत कोणत्या रंगाची तार कुठे नेली असेल, ते सांगता येत नाही. एक छोटा बल्ब व दोन तारा घेऊन प्रत्येक खिळा तपासावा आणि वहीत लिहून ठेवावा. ती वही रेमोर्कच्या पेटीतच असू द्यावी.

आता थोडे गणित. जुन्या पद्धतीचा ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, मागचा ५ वॅटचा, इशाऱ्याचा २१ वॅटचा असतो. पावसाळी रात्री ब्रेक दाबून वळताना दोन ब्रेकचे ४२, दोन मागचे १०, नंबरपट्टीचा ५ व एक इशाऱ्याचा २१, असे मिळून ७८ वॅट होतात. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे साडेसहा अँपियर. जाताना ही वीज निरनिराळ्या तारांतून जाते, पण परतताना सगळी एकट्या पांढऱ्या तारेतून येते. म्हणून पांढरी तार सर्वांत जाड हवी. पाच मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर परतीच्या वाटेवरच अर्ध्या व्होल्टहून अधिक खर्च होतो. अडीच चौरस मिलिमीटरची घातली, तर पाव व्होल्टही जात नाही. हे किरकोळ वाटेल. पण तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. तासाला ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. दिवा एक सेकंद उशिरा दिसणे म्हणजे काय, हे त्या तरुणाच्या कोपराला विचारावे.

पांढरी तार प्लगपासून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी, चौकटीच्या लोखंडावर विसंबू नये. आजकाल एलईडी दिवे स्वस्त झाले आहेत आणि वीजही फार थोडी घेतात. भाऊजींनी तेच बसवले. पण पुष्कळ मोटारींना एवढी थोडी वीज म्हणजे बल्ब गेला असे वाटते आणि इशारा भरभर मिचकू लागतो. त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशर घालावा लागतो.

सांधे हा आपल्या बेटावरचा खास प्रश्न. पिळलेल्या तारेवरची चिकटपट्टी उन्हाने सुटते आणि खारे पाणी आत शिरून तांबे हिरवे पडते. सांधा चिमट्याने दाबून बसवावा. त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. आत गोंद असलेली नळी उत्तम. जिथे तार लोखंडाच्या भोकातून जाते, तिथे रबरी कडे घालावे. प्लगच्या खिळ्यांना थोडे व्हॅसलीन लावावे. समुद्रावरून आल्यावर मुलांना जसे आपण गोड्या पाण्याने अंघोळ घालतो, तशी रेमोर्कलाही घालावी. आणि मागे दोन लाल त्रिकोणी परावर्तक जरूर ठोकावेत. त्यांना वीज लागत नाही, तार लागत नाही. सगळे दिवे गेले तरी मागच्याच्या दिव्यात ते चमकतात. त्या रविवारी आमच्याकडे तेवढे असते, तरी तो पोरगा पडला नसता.

पेटीतली बॅटरी

रस्त्यावरचे दिवे झाले. आता मुक्कामावरची वीज. आत उजेड हवा, फोन चार्ज व्हावेत, जमल्यास थंड पाणी हवे. त्यासाठी रेमोर्कमध्ये वेगळी बॅटरी ठेवतात. भाऊजींनी पहिल्याच खेपेला ती मोटारीच्या बॅटरीला सरळ जोडून टाकली होती. परिणाम असा की दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सुरूच होईना आणि आम्हां सर्वांना वाळूतून ती ढकलावी लागली. इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाव्यात आणि बंद झाले की वेगळ्या व्हाव्यात, अशी रिले मिळते. ती घालावी.

फ्यूजविषयी तर दोनदा सांगावे असे आम्हांला वाटते. १२ व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण १२ व्होल्टची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपियर सोडते. तार लाल होते, प्लायवूड पेटते आणि आत मुले निजलेली असतात. भाऊजींच्या पेटीत १० अँपियरचा फ्यूज वारंवार उडत होता. कंटाळून त्यांनी तिथे सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली. नवीन तारा घालताना आम्ही पाहिले, तर एका जागी तार लोखंडी कडेला घासून उघडी पडली होती आणि तिचे आवरण हातभर वितळले होते. फ्यूज बिचारा खरे सांगत होता, आम्ही त्याचे तोंड बंद केले होते.

नियम सोपा आहे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा आणि तो तारेच्या ताकदीचा असावा. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेला १५ अँपियर पुरे. त्यावर ३० चा फ्यूज घालणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. फ्यूज शाबूत राहील आणि तार जळेल. बॅटरी शिशाची असेल तर चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून तिला बाहेर हवा लागेल अशा बंदिस्त खोक्यात पट्ट्याने बांधून ठेवावे, उशाशी ठेवू नये.

किती विजेची चैन करावी, ह्याला आपल्याकडे म्हण आहेच: अंथरूण पाहून पाय पसरावे. शिशाची ७० अँपियर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हातात ३५ राहिले. पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावले, तर चार-साडेचार अँपियर-तास जातात. दिव्यांची चिंता नको. पण ४५ वॅटचा छोटा फ्रिज आपल्या उकाड्यात निम्मा वेळ चालला, तर दिवसाला ४५ अँपियर-तास खाऊन टाकतो. एका दिवसातच दिवाळे! छतावर १०० वॅटचे सौर पत्रे लावले, तर चांगल्या उन्हात दिवसाला २५ ते ३० मिळतात. तरी फ्रिज भागत नाही. लोहयुक्त लिथियम बॅटरी अधिक खोल उतरवता येते, पण तिची किंमत व तिचा चार्जर वेगळा. आमच्या ताईने हा हिशेब ऐकला आणि बर्फाची पेटीच घेऊन जायचे ठरवले. मासळी तिच्यात उत्तम राहते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

डोक्यावरची तार

१२ व्होल्टची गोष्ट इथे संपली. घरातल्या २३० व्होल्टला मात्र दुसरा जाब द्यावा लागतो. शेजारच्या बंगल्यातून वाळूवरून एक्स्टेन्शन ओढून तंबूत वीज आणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ओली वाळू, अनवाणी मुले आणि २३० व्होल्ट! असे करावेच लागले, तर ३० मिलिअँपियरवर तुटणारा संरक्षक स्विच मध्ये असलाच पाहिजे, आणि हे काम जाणकार वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे. जनरेटर आणला तर तो तंबूपासून दूर ठेवावा. त्याच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

आणि वर पाहावे. हाच रेमोर्क आपण गणेशचतुर्थीला सजवतो, मखर बांधतो, माळा लावतो आणि बाप्पाला विसर्जनाला नेतो. २०२४ च्या मार्चमध्ये महाशिवरात्रीच्या यात्रेत एका उंच कावडीचा विजेच्या तारांशी संबंध आला आणि सहा भाविकांचे प्राण गेले. ते दुःख बेट विसरलेले नाही. मखर करताना सांगाड्याची उंची जमिनीपासून मोजावी आणि ज्या वाटेने जायचे, ती वाट आदल्या दिवशी मान वर करून पाहून यावी. बांबूच्या काठीने तार वर उचलून मखर खालून काढण्याचा प्रकार तर कोणीही, कधीही करू नये.

ह्या खटाटोपाचा एक फायदा आम्हांला अनपेक्षित मिळाला. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळ आले तेव्हा आमच्याकडची वीज गेली. भाऊजींनी पेटीतली बॅटरी घरात आणली आणि दोन दिवे लावले. त्या उजेडात आमच्या वृद्ध आईला औषधे देता आली आणि रेडिओवरच्या सूचना ऐकता आल्या. शेजारीही फोन चार्ज करायला आले.

आता आमच्याकडे एक रीत पडली आहे. रेमोर्क जोडला की भाऊजी गाडीत बसतात आणि आई काठी टेकीत मागे जाऊन उभी राहते. "डावा," ती म्हणते. "उजवा. ब्रेक. आता दोन्ही बरोबर." मग पुतण्याने शिकवल्याप्रमाणे कोणीतरी दांडीला दोन हिसके देतो आणि आई पुन्हा सगळे पाहते. वाटेत अंधार पडला की एकदा थांबून हीच तपासणी पुन्हा होते. सारे मिळून पाच मिनिटे लागतात.

तो तरुण आम्हांला पुन्हा भेटला नाही. भेटला तर त्याला आम्ही मागे नेऊन दिवे दाखवू. तोवर, वाचकहो, आपल्या अंगणात रेमोर्क असेल, तर ह्या सुट्टीत निघण्यापूर्वी आपणही एकदा मागे जाऊन उभे राहा.